नावेलीचा डॉक्टर लिस्बनच्या पार्लमेंटात

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यायचे, हा रिवाज आपल्याकडे जुना आहे. महात्मा फुले, शाहू महाराज, सयाजीराव महाराज यांची चरित्रे वाचकांना तोंडपाठ आहेत. म्हणून या खेपेस आम्ही जरा लांबचे नाव घेतले आहे. डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोम्स. गोव्यातले ख्रिस्ती कुटुंबातले डॉक्टर, पुढे पोर्तुगालच्या पार्लमेंटचे सभासद, आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी बोटीवर वारलेले. काही वाचक विचारतील, की हे गृहस्थ आपले कोण? नात्याने कोणीच नाहीत. पण राज्यकर्त्यांच्या सभेत एकट्याने उभे राहून आपल्या लोकांचा हक्क मागणे म्हणजे काय, हे ज्या समाजाने बाबासाहेबांमुळे जाणले, त्या समाजाला या माणसाची गोष्ट परकी वाटायचे कारण नाही.

आणि पोर्तुगीज तरी आपल्याला कुठे परके आहेत? रेवदंड्याचा कोट त्यांचा, खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्ला त्यांचा. १७४० साली त्यांनी हा मुलूख मराठ्यांच्या हवाली केला आणि ते निघून गेले, पण कोर्लईतल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज भाषेपासून निघालेली बोली आजही बोलली जाते. आपल्या किनाऱ्यावरून ते अठराव्या शतकात गेले. गोव्यात मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राहिले. गोम्स यांचे सारे आयुष्य त्याच राजवटीत गेले.

त्यांचा जन्म ३१ मे १८२९ रोजी नावेली गावी झाला. नावेली सासष्टी तालुक्यात, मडगावला लागून आहे. (ठाण्याकडच्या साष्टीशी घोटाळा करू नये, ही गोव्याची सासष्टी.) घराणे चारडो जातीचे. ख्रिस्ती आणि जात? होय. गोव्यात हजारो लोकांनी धर्म बदलला, पण जात घराच्या उंबऱ्याआत राहिली ती राहिलीच. बामण, चारडो, सुदीर अशा पायऱ्या ख्रिस्ती झाल्यावरही टिकल्या. लग्ने जातीत, आणि चर्चमधली मंडळेसुद्धा जातवार. सणाच्या मिरवणुकीत मान कोणाचा यावरून भांडणे व्हायची. चारडो म्हणजे वरच्या दोहोंपैकी एक. तेव्हा गोम्स हे तळातून आलेले नव्हते, हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेले बरे. लिस्बनला मात्र ही पायरी कोणी पाहत नव्हते. तिथे तो फक्त हिंदुस्थानातला काळा मनुष्य होता.

त्यांच्या लहानपणीची एक घटना सांगायलाच हवी. पोर्तुगालमध्ये राजेशाहीवाले आणि घटनावादी यांचे यादवी युद्ध १८३४ साली संपले. घटनावादी जिंकले आणि त्यांनी बेर्नार्दो पेरिश द सिल्वा नावाच्या गोव्याच्याच माणसाला गोव्याचा प्रमुख अधिकारी नेमले. १४ जानेवारी १८३५ रोजी ते कारभारावर बसले. सव्वातीनशे वर्षांच्या इतिहासात तोवर असे कधी झाले नव्हते. गोऱ्या आणि मिश्र वंशाच्या लष्करी मंडळींना ते सहनच झाले नाही. सतरा दिवसांत बंड झाले, त्यांना उलथून टाकले, त्यांच्या बाजूच्या लोकांची कत्तल झाली आणि ते मुंबईला निघून गेले. गोम्स तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे. कागदावर समान असणे वेगळे आणि खुर्चीवर बसू देणे वेगळे, हा धडा गोव्याच्या त्या पिढीने असा लहानपणीच ऐकला.

पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली. आजचे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज आपली परंपरा तिच्यापासूनच सांगते. गोम्स तिथे शिकले, डॉक्टर झाले आणि लष्कराच्या वैद्यकीय खात्यात सर्जन म्हणून लागले. या शाळेबद्दल दोन शब्द. तिथून बाहेर पडणारी मुले हुशार होती, पण पोर्तुगालमध्ये शिकलेल्या डॉक्टरांच्या पंगतीला त्यांना बसवत नसत. गोव्याच्या डॉक्टराला आफ्रिकेतल्या वसाहतींत दुय्यम जागेवर पाठवायचे, वरची जागा गोऱ्याला ठेवायची, अशी रीत पुढे कित्येक वर्षे चालली. शिक्षण तेच, रोगी तेच, ताप तोच, पण डॉक्टरची किंमत रंगावरून ठरे. नोकरीत राखीव जागांवर आलेल्या आपल्या मुलांना कचेरीत जी नजर सोसावी लागते, ती कशी असते हे आम्ही वाचकांना सांगायला नको.

पण हा डॉक्टर नुसता नाडी बघत बसला नाही. फ्रेंच भाषा त्यांनी इतकी पक्की केली, की पुढे त्यांनी त्या भाषेत पुस्तकेच लिहिली. अर्थशास्त्र वाचले, इतिहास वाचला. गोव्यातही तेव्हा वारे फिरले होते. १८५९ साली मडगावातून ‘ओ उल्त्रामार’ हे खाजगी वर्तमानपत्र निघाले आणि सरकारवर टीका छापली जाऊ लागली. आपल्याकडच्या राजकारणात होते तसेच मग तिथेही झाले. पुढच्या पाच-सहा वर्षांत जे दोन पक्ष उभे राहिले, त्यांतल्या एकामागे मुख्यतः बामण आणि दुसऱ्यामागे चारडो. वर्तमानपत्रेही तशीच वाटली गेली. सुदीर, कुणबी, गावडे, महार यांना कोण विचारतो? मताला उत्पन्नाची अट होती. ज्याच्याकडे जमीन-जुमला तो मतदार. बायांना मत नाहीच.

अशा निवडणुकीत १८६० साली गोम्स निवडून आले.

लिस्बनला जायचे म्हणजे त्या काळी सुएझचा कालवा नव्हता. मुंबईहून बोटीने सुएझ, तिथून आगगाडीने कैरोवरून अलेक्झांड्रिया, आणि पुन्हा दुसरी बोट. असे करत ते पोहोचले आणि १८६१ च्या जानेवारीत साओ बेंतोच्या सभागृहात जाऊन बसले. वय एकतीस.

पहिल्याच महिन्यात कसोटीची वेळ आली. सभागृहात असा सूर निघाला, की समुद्रापलीकडच्या प्रांतांतून पार्लमेंटात सभासद घ्यायचे तरी कशाला? तिकडचे कायदे सरकार करील, त्यासाठी या लोकांनी इथे येऊन बसायची गरज नाही. म्हणजे बघा, माणूस हजारो मैलांवरून येऊन आत्ता कुठे टेकला, तोवर त्याची खुर्चीच काढून घ्यायची भाषा सुरू. नवा सभासद असता तर चूप बसला असता, चार महिने वारा बघितला असता. गोम्स उठले. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की घटनेने गोव्याचा मनुष्य आणि लिस्बनचा मनुष्य यांत फरक केलेला नाही. कर घेताना, सैन्यात घेताना आम्ही तुमचे नागरिक, आणि कायदा करताना मात्र परके, हे चालणार नाही. मायभूमी कोणाची आणि वसाहत कोणाची असा भेद एकदा मान्य केला, की मग स्वातंत्र्य हा शब्द पोर्तुगालमध्येसुद्धा पोकळ होतो. सभागृह ऐकत राहिले. गोव्याहून आलेला हा डॉक्टर बोलतो कसा, याची चर्चा लिस्बनमध्ये झाली.

आमच्या मते त्यांच्या आयुष्यातले मोलाचे काम ते हेच. प्रतिनिधी असणे ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, हे त्यांनी ज्यांच्या हातात सत्ता त्यांच्या तोंडावर सांगितले. आपल्याकडे १९२७ साली मुंबईच्या कौन्सिलात अस्पृश्यांचे सभासद म्हणून बाबासाहेब आणि डॉ. सोळंकी बसले. पुढे १९३० साली गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि मद्रासचे रेट्टमलै श्रीनिवासन असे दोघेच होते. अवघ्या सभागृहात एक किंवा दोन माणसे, आणि पाठीमागे लाखो. अशा माणसाला आजारी पडायची, चुकायची, थकायची सोय नसते. फरक इतकाच, की बाबासाहेबांच्या पाठीशी महाडच्या तळ्यावर आलेली माणसे होती. गोम्स यांच्या पाठीशी होते ते मूठभर मतदार, तेही बव्हंशी बागायतदार आणि भाटकार. म्हणून त्यांच्या भाषणाला मर्यादा पडली, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण भाषण खोटे नव्हते.

त्याच १८६१ साली त्यांनी फ्रेंच कवी लामार्तिन यांना एक पत्र लिहिले. गोव्यात ते पत्र फार प्रसिद्ध आहे. हे लामार्तिन नुसते कवी नव्हेत, १८४८ च्या क्रांतीनंतर फ्रान्समध्ये जे हंगामी सरकार आले, त्यात ते होते, आणि त्याच सरकारने फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. गोम्स यांनी त्यांना लिहिले ते थोडक्यात असे: आपण हिंदुस्थानात जन्मलो, जो देश एके काळी काव्याचा आणि तत्त्वज्ञानाचा पाळणा होता आणि आज त्यांचे थडगे झाला आहे. ज्या लोकांनी महाभारत रचले आणि बुद्धिबळ शोधले, त्यांच्यातलाच मी एक. पण त्या लोकांना आज स्वतःचा कायदा नाही, आवाज नाही. मी त्यांच्यासाठी स्वातंत्र्य मागतो आहे. मी स्वतः त्यांच्यापेक्षा सुदैवी, कारण मी नागरिक आहे.

१८६१ साली हे लिहिले आहे, हे ध्यानात घ्या. काँग्रेस स्थापन व्हायला अजून चोवीस वर्षे होती. सत्तावन्नचा उठाव मोडून नुकती कुठे तीन-चार वर्षे झाली होती. त्या वेळी हिंदुस्थानातला एक ख्रिस्ती डॉक्टर, पोर्तुगालच्या पार्लमेंटात बसून, सगळ्या हिंदुस्थानसाठी स्वातंत्र्य मागतो. आता थडगे हा शब्द आम्हाला पुरता पटत नाही. या देशात जे मोडले गेले आणि पुरले गेले त्यात बौद्ध धम्मही होता, आणि ते कोणी पुरले याचा विचार गोम्स यांनी केलेला दिसत नाही. असो.

पुढची आठ वर्षे ते फिरून फिरून निवडून आले. सभागृहात ते मुख्यतः पैशाच्या, शेतीच्या, वसाहतींच्या कारभाराच्या प्रश्नांवर बोलले. १८६२ साली त्यांनी पोर्तुगीज हिंदुस्थानातल्या जमिनीच्या स्वातंत्र्यावर आणि शेतीच्या अर्थव्यवस्थेवर पुस्तक काढले. गोव्यात गावची जमीन गावकरीची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या संस्थेची असे. जो गावकार, त्याच्या मुलग्याला वाटा, म्हणजे जोण. बाकीचे कसणारे, राबणारे, त्यांना वाटा नाही. जमीन ही जन्माच्या हक्कात बांधून न ठेवता मोकळी झाली पाहिजे, अशा विचाराचे ते होते.

रायगडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. खोताने काय केले ते आपल्या आजा-पणजांनी सोसले आहे. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे जमीन न कसता संप चालवला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे बिल मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले कुणबी, महार, आगरी शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. खोती कायद्याने जायला १९४९ उजाडले. गोम्स यांचे पुस्तक त्याच्या कितीतरी आधीचे. पण त्यांना हवी होती ती जमीन मोकळी, म्हणजे विकता-घेता येण्याजोगी. कसणाऱ्याच्या हातात ती पडेल की ज्याच्याजवळ रोकड आहे त्याच्या, हा प्रश्न त्यात सुटत नाही. विकत घेणाऱ्याच्या हातात जमीन किती सहज जाते, हे आपण अलिबाग तालुक्यात बंगले उठताना डोळ्यांनी पाहिलेच आहे. १८६७ साली त्यांनी फ्रेंचमध्ये अर्थशास्त्राच्या सिद्धांतावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि अर्थशास्त्राचा नीतीशी व कायद्याशी काय संबंध आहे ते त्यात मांडले. पैशाचे शास्त्र नीतीपासून तोडता येत नाही, ही त्यांची बैठक आम्हाला आवडते.

आता त्यांच्या कादंबरीकडे येऊ. आपल्या वाचकांना खरा रस वाटेल तो इथेच.

१८६६ साली लिस्बनमध्ये त्यांची पोर्तुगीज कादंबरी छापली गेली. नाव ‘ओस ब्राह्मानेस’, म्हणजे ‘ब्राह्मण’. गोव्याच्या माणसाने लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. कथा गोव्यातली नाही. अवधमधले फैजाबाद, आणि काळ सत्तावन्नच्या उठावाचा. रॉबर्ट डेव्हिस नावाचा एक आयरिश मळेवाला आणि मग्नोद नावाचा ब्राह्मण. हा ब्राह्मण स्वतःच्या समाजात सर्वांच्या डोक्यावर. गोऱ्या साहेबाच्या घरात मात्र तो निव्वळ एक काळा नोकर. साहेब त्याचा अपमान करतो. जन्मभर दुसऱ्याला हीन लेखलेल्या माणसाला स्वतः हीन लेखले जाणे म्हणजे काय ते एका दिवसात कळते, आणि त्यातून सूडाची सारी कथा पेटते.

नावातली मेख लक्षात आली का? गोम्स यांना दाखवायचे आहे ते हे, की ब्राह्मण दोन प्रकारचे. एक हिंदुस्थानातले, जन्मावरून स्वतःला थोर समजणारे. दुसरे गोरे, कातडीवरून स्वतःला थोर समजणारे. रोग एकच, रोगी वेगळे. डॉक्टरचे निदान म्हणावे ते हे. फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली आले आणि ते त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. रंगभेद आणि जातिभेद ही भावंडे आहेत, हे पुण्यात जोतिबांना दिसले आणि लिस्बनमध्ये गोम्स यांनाही दिसले, सात वर्षे आधी. दोघांना एकमेकांची खबर असल्याचे कुठे दिसत नाही.

पण इथेही आम्ही हात राखून बोलणार. कादंबरीच्या मधोमध उभा आहे तो अपमान झालेला ब्राह्मण, अस्पृश्य नव्हे. ज्याचा रोज अपमान होतो त्याची कथा कोणी लिहीत नाही, आणि ज्याचा एकदा झाला त्याची कादंबरी होते! शिवाय गोम्स यांना या रोगावर औषध सापडते ते ख्रिस्ती धर्मातल्या समतेत. औषध मनापासून सांगितले आहे, यात शंका नाही. पण स्वतःच्या सासष्टीतल्या चर्चमध्ये बामण आणि चारडो एका मंडळात बसायला तयार नव्हते, हे त्यांना ठाऊक नसेल काय? १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केल्यावर बाबासाहेबांनी एकवीस वर्षे विचार केला, तो उगीच नव्हे. धर्म बदलूनही ख्रिस्ती समाजात जात कशी टिकली, हे त्यांनी बारकाईने अभ्यासले होते. गोव्याचे उदाहरण त्या अभ्यासाला पुष्टीच देते. कादंबरी इंग्रजीत आली आहे. ज्या मुला-मुलींना इंग्रजी येते त्यांनी ती मिळवून वाचावी आणि स्वतः ठरवावे.

गोम्स यांचे शेवटचे पुस्तक १८६९ चे, तेही फ्रेंच. पोर्तुगालचा अठराव्या शतकातला प्रधान मार्किस द पोंबाल याचे राजकीय चरित्र. पोंबाल कडक आणि क्रूरही होता. मग गोव्याच्या माणसाने त्याच्यावर का लिहावे? आमचा तर्क असा. १७६१ साली पोंबालच्याच कारकिर्दीत हुकूम निघाला, की हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांइतकाच मान आणि तेच हक्क आहेत, आणि त्यांना रंगावरून हिणवणाऱ्याला शिक्षा होईल. हिणवण्याला शिक्षा! आपल्याला ती १९५५ च्या आणि पुढे १९८९ च्या कायद्यामुळे माहीत आहे. आणि कायदा झाला म्हणून हिणवणे थांबते का, तेही माहीत आहे. गोव्यातही थांबले नाही. १७८७ साली तिथल्या देशी पाद्र्यांनी आणि शिपायांनी पिंटोंच्या नावाने ओळखला जाणारा कट केला, तो वरच्या जागा गोऱ्यांनाच मिळतात म्हणून. तो फसला आणि कित्येकांना देहान्त शिक्षा झाली. गोम्स यांच्या सगळ्या भाषणांच्या मुळाशी १७६१ चा तो हुकूम आहे, असे आम्हाला वाटते. त्याने दिलेले वचन पाळा, एवढेच ते शंभर वर्षांनंतर मागत होते. पोंबालने मात्र ते वचन ख्रिस्ती प्रजेलाच दिले होते. गोव्यातल्या हिंदूंना नोकऱ्यांची दारे नीट उघडायला १९१० सालची पोर्तुगालची प्रजासत्ताक क्रांती व्हावी लागली.

त्या उन्हाळ्यापर्यंत त्यांची प्रकृती पार ढासळली होती. दुसऱ्याचा रोग ओळखणारा डॉक्टर, त्याला स्वतःची अवस्था कळली नसेल असे नाही. त्यांनी गावी परतायचे ठरवले आणि बोटीत बसले. ३० सप्टेंबर १८६९ रोजी वाटेतच, बोटीवर, त्यांचा अंत झाला. वय चाळीस. नावेलीचे घर त्यांना पुन्हा दिसले नाही. पुढच्या दीड महिन्यात, १७ नोव्हेंबरला, सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपातून सरळ बोटीने हिंदुस्थानात येता येऊ लागले.

पणजीला मांडवीच्या काठी कांपाल भागात त्यांचा पुतळा आहे. दक्षिण गोव्याच्या जिल्हा ग्रंथालयालाही त्यांचेच नाव दिलेले आहे, आणि ते ग्रंथालय नावेलीतच आहे. कोकण रेल्वेने माणगाव किंवा रोह्याहून बसले की मडगावला उतरायचे. नावेली तिथून हाकेवर आहे. सहलीला जाणारी आपली मंडळी चर्च आणि समुद्र बघून परत येतात, त्यांनी एक तास तिकडेही काढायला हरकत नाही.